‘धावू नका’ असे मी सांगत आलो

गेले पाच आठवडे या स्तंभात खंड पडला, त्याबद्दल प्रथम वाचकांची क्षमा मागतो. मुलीकडे कॅलिफोर्नियात राहून आम्ही उभयता नुकतेच परतलो. अमेरिकेहून आलेल्या माणसाने तिथल्या रस्त्यांचे आणि शिस्तीचे गोडवे गाऊन शेजारपाजाऱ्यांना भंडावून सोडायचे असते. तो मोह मी टाळणार आहे. आज लिहायचे आहे ते एका जंगलातल्या पायवाटेबद्दल आणि त्या निमित्ताने कळलेल्या माझ्या एका जुन्या चुकीबद्दल.

चूक अशी. पन्नाशी ओलांडलेला रुग्ण गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात आला की, गेली तीस वर्षे माझा सल्ला ठरलेला असे. ‘गुडघ्याची झीज झाली आहे. जिने टाळा, चालणे बेताचे ठेवा, धावायचे तर नावच काढू नका.’ हा सल्ला मी शेकडो लोकांना दिला. त्यात आमच्या सौ.ही आल्या. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचा एक्स-रे पाहून मीच त्यांचे सकाळचे फिरणे निम्म्यावर आणले. पुढच्या सहा वर्षांत त्यांचे वजन अकरा किलोंनी वाढले, रक्तदाबाची गोळी मागे लागली आणि गुडघे मात्र होते तसेच दुखत राहिले.

मुलगी सॅन होजे शहरात राहते. तिथून डोंगर ओलांडला की, तासाभरात फेल्टन नावाचे छोटे गाव लागते आणि गावाला लागूनच हेन्री कॉवेल रेडवुड्स स्टेट पार्क आहे. आमचे जावई दर शनिवारी तिथे धावायला जातात. ‘बाबा, तुम्ही नुसते झाडांखाली बसा’ असे म्हणून मुलीने पहिल्या शनिवारी आम्हांला गाडीत घातले.

रेडवुडची झाडे फोटोत पाहिली होती, पण फोटोत मान मोडत नाही. तिथले सर्वांत उंच झाड पावणेतीनशे फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरीतल्या उंचातल्या उंच माडावर तसेच आणखी दोन माड ठेवले तरी शेंडा गाठता येणार नाही. वय सुमारे दीड हजार वर्षे. ही जात निसर्गतः वाढते ती ऑरेगॉनच्या दक्षिण टोकापासून मध्य कॅलिफोर्नियापर्यंतच्या चिंचोळ्या किनारपट्टीतच. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, मात्र समुद्रावरून सकाळी दाट धुके आत शिरते. ते पानांवर अडकते आणि थेंब होऊन खाली टपकते. झाडांना वर्षाकाठी मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असे धुक्यातून येते असे तिथल्या अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. त्यामुळे जुलै महिन्यातही पायवाट ओलसर, धूळ नाही, हवा गार.

सगळ्यांत जुन्या झाडांच्या राईतून सव्वा किलोमीटरची एक सपाट फेरी आहे. तीवर कुत्री नाहीत, सायकली नाहीत. तिथून पुढे सॅन लोरेन्झो नदीच्या काठाने पायवाटा निघतात, काही सपाट, काही चांगल्याच चढाच्या. डांबरी वाट हवी असेल तर पाइपलाइन रोड म्हणून एक रस्ता आहे, पण त्याचे चढ-उतार तरुणांनाही घाम फोडतात. सुरुवातीलाच नकाशा, फाट्याफाट्यावर पाटी आणि (हे फार महत्त्वाचे) वाटेच्या तोंडाशी स्वच्छतागृह. साठीच्या पुढच्या बायका आणि आमच्यासारखे पुरुष घराबाहेर का पडत नाहीत, याचे खरे उत्तर पुष्कळदा याच एका गोष्टीत असते. रुग्ण लाजेने सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही.

पहिल्या शनिवारी सौ. ती छोटी फेरी चालल्या. दुसऱ्या शनिवारी दोनदा. त्या वाटेवर सत्तरीच्या पुढच्या दोन बायका रोज येत असाव्यात. एक मिनिट अगदी हळू धावायचे, मग दोन मिनिटे चालायचे, असा त्यांचा क्रम. तोंडाने गप्पा अखंड. त्यांच्याकडे बघत सौ. मला म्हणाल्या, ‘अहो, यांचे गुडघे झिजत नाहीत का?’

मी नेहमीप्रमाणे काहीतरी उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या रात्री जावयांच्या संगणकावर बसून मी नवे-जुने शोधनिबंध वाचले आणि खजील झालो.

मुळात ‘झीज’ हा शब्दच आम्ही डॉक्टरांनी वाईट वापरला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, गुडघा म्हणजे सायकलचा टायर, जितका वापरू तितका लवकर गुळगुळीत होणार. सांध्यातली कूर्चा ही जिवंत वस्तू आहे. तिला रक्तवाहिन्या नाहीत. पाऊल पडताना ती दाबली जाते, उचलताना मोकळी होते आणि स्पंजप्रमाणे भोवतालच्या वंगणातून आपले अन्न शोषून घेते. पाय हललाच नाही तर तिची उपासमार. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू अशक्त झाला की गुडघ्यावर पडणारा भार वाढतो. म्हणजे सौ.ना घरी बसवून मी गुडघा राखत नव्हतो, त्याचा आधार काढून घेत होतो.

त्याच कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४पासून पन्नाशीपुढच्या ५३८ धावपटूंची आणि न धावणाऱ्या ४२३ जणांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. २००८ साली निष्कर्ष छापले. १९ वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक मरण पावले होते. हातापायांनी परावलंबी होण्याची वेळही धावणाऱ्यांवर पुष्कळ उशिरा आली. त्यांच्यातल्या काहींचे गुडघ्यांचे एक्स-रे वेळोवेळी काढून पाहिले, त्यांत संधिवात इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. आता, जे धावतात ते मुळातच धडधाकट असतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी बाजूला सारत नाही. पण धावण्याने गुडघे जातात, हे जे मी छातीठोकपणे सांगत होतो, त्याला आधार नव्हता.

जंगलातल्या हवेत झाडे काही द्रव्ये सोडतात आणि त्यांनी रोग बरे होतात, असे हल्ली फार लिहिले जाते. जपान सरकारच्या वनखात्याने १९८२ साली ‘वनस्नान’ असा शब्दही काढला. मन शांत होते हे मी अनुभवले, रक्तदाबही थोडा उतरत असेल. त्यापलीकडच्या दाव्यांवर माझा भर नाही. माझ्या मते त्या वाटेचा गुण अगदी साधा आहे. सावली आहे, वाहन नाही, जमीन मऊ आहे, आणि मुळांवरून पाय टाकायचा असल्याने कोणी वेगाने धावू शकत नाही. नवख्या माणसाला दुखापत होते ती बहुधा पहिल्याच आठवड्यात फार जोराने, फार लांब गेल्याने. ती वाटच तुम्हांला सावकाश करते.

तिसऱ्या शनिवारी सौ. धावल्या. नदीकाठच्या सपाट तुकड्यावर, वीस-पंचवीस पावले. मग चालल्या, मग पुन्हा वीस पावले. मी घड्याळ पाहण्याचे सोंग करीत मागे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नव्हता. हीच खूण धरावी. धावताना किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबले तर हरकत नाही. सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा रात्री ठणकला तर थांबून तपासून घ्यावे. छातीत जड वाटणे, चालताना धाप लागणे, हृदयविकाराचा घरात इतिहास, यांपैकी काही असल्यास धावण्याआधी डॉक्टरांना भेटावे. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना गेली असेल, तर त्याने मुळे-दगडांच्या वाटेवर धावूच नये. बाकीच्यांसाठी वेगाचे माप एकच, शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे.

त्या जंगलाला काटेही आहेत. वाटेच्या कडेला पॉयझन ओक नावाचे तीन-तीन पानांचे झुडूप असते. नुसते घासले तरी अंगावर दोन-तीन आठवडे पुरळ आणि खाज. जावई हे मोठ्या काळजीने समजावत होते, पण ते झुडूप बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातले निघाले. बिब्बा उतणे म्हणजे काय हे कोकणातल्या बाईला कोणी शिकवायचे? गवतात गोचिडीही असतात, त्यांतल्या काहींपासून लाइम नावाचा रोग होतो. म्हणून घरी आल्यावर अंग तपासायचे. वाट सोडून आत शिरू नये याला दुसरेही कारण आहे. एवढ्या झाडाची मुळे खोल नसतात, उथळ राहून दूरवर पसरतात. माणसांच्या पायांनी माती दाबली की मुळांचा श्वास कोंडतो. उत्तरेकडच्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात जगातल्या सर्वांत उंच झाडाभोवती लोक असेच तुडवत गेले. अखेर २०२२ साली तो भाग बंद करावा लागला.

हेन्री कॉवेल हा मूळचा चुन्याचा व्यापारी. त्याच्या भट्ट्यांत याच डोंगरांतली लाकडे जळाली. १९५४ साली हे उद्यान झाले ते त्याच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली जमीन आणि सरकारने आधी विकत घेऊन राखलेली राई एकत्र करून. जुनी रेडवुडची वने आता मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपासच उरली आहेत. ती कोणीतरी राखली म्हणून माझी बायको वीस पावले धावली.

हीच नदी पुढे सांता क्रूझ शहरातून समुद्राला मिळते. १९५५च्या डिसेंबरात तिथे मोठा पूर आला, त्यानंतर दोन्ही काठांवर बांध घातले. आज त्या बांधांवर चालण्या-धावण्याची वाट आहे. झाडे थोडी, खाली पक्की फरसबंदी. मला जंगल आवडले, सौ.ना हा बांध. पाय कुठे पडतो ते पाहावे लागत नाही, म्हणाल्या. पडण्याची भीती असलेल्यांनी अशीच वाट निवडावी, हे माझेही मत झाले आहे.

परत आल्यावर दवाखान्यात पूर्वीचा सल्ला ऐकून गेलेले रुग्ण भेटतात. त्यांना मी आता सांगतो, तेव्हा चुकलो. दोघे हसले, एक बाई रागावल्या. त्यांचे रागावणे रास्त आहे. ‘आता कुठे धावू, डॉक्टर? रस्त्यावर डंपर आहेत,’ असे त्यांनी विचारले.

आम्ही दोघे सध्या भाट्याच्या पुळणीवर जातो, सुरूच्या बनाच्या बाजूने. ओहोटीची ओली, घट्ट वाळू पायाला बरी पडते. त्या बाईंनाही मी तेच सांगितले. सौ. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पुनव-अमावास्येला सकाळी समुद्र खूप आत असतो, अष्टमीला मात्र सहा वाजताच वाळू बुडालेली. परवा अष्टमी होती. त्या दिवशी अंगणातच वीस फेऱ्या झाल्या.