हात मोकळे, ध्यान गुंतलेले

‘गाडी चालवतोय, पण बोला, हॅण्ड्सफ्रीवर आहे.’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडते की त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. व्याकरण शिकवणाऱ्याला मात्र त्यातील ‘पण’ खटकावा. न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून आपण ते वर्गात शिकवतो. पहिल्या वाक्यात काही उणे आहे, याची कबुली त्या अव्ययात असते. गाडी चालवणारा माणूस या क्षणी बोलण्यास मोकळा नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. तरीही ‘पण’ येते, आणि ‘हॅण्ड्सफ्री’ या एका शब्दाने ते उणेपण भरून निघाले असे दोघेही मानून घेतात.

शब्द मोठा फसवा आहे. तो फक्त हातांविषयी बोलतो. आपला कायदाही हातांपाशीच थांबला आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कलम १८४ मध्ये वाहन चालवताना ‘हातात धरलेल्या’ संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हातात धरलेला फोन पोलिसाला दिसतो, म्हणून कायद्याने त्याला पकडावे हे समजण्याजोगे आहे. परंतु कायद्याने जे पकडले नाही ते निर्धोक, असा अर्थ आपण त्यातून काढला. तो आपला, कायद्याचा नव्हे.

हे सारे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात सदैव असतात. बुलडाण्याहून मोताळ्याकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी तो घाट एकटाच उतरत होतो, आणि गाडीच्या स्पीकरवर एका सहकाऱ्याशी एक कवितासंग्रह अभ्यासक्रमात ठेवावा की वगळावा यावर वाद घालत होतो. वाद रंगला होता. मोताळ्यात चहाला थांबलो तेव्हा मागून एक दुचाकी येऊन थांबली. चालवणारा आमच्याच महाविद्यालयातला जुना विद्यार्थी होता आणि त्याच्या मागे त्याची वृद्ध आई बसलेली होती. तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, ‘घाटात किती हॉर्न देल्ला सर मी. ध्यान कुठी होतं तुमचं?’ एका वळणावर मी त्याच्या बाजूला इतका सरकलो होतो की त्याला रस्ता सोडून मुरमात उतरावे लागले होते. मला हॉर्न ऐकू आला नव्हता. दुचाकी दिसली नव्हती. खरे सांगायचे तर घाटच आठवत नव्हता. सहकाऱ्याचा प्रत्येक मुद्दा मात्र लख्ख आठवत होता.

हात दोन्ही चाकावर होते. डोळे रस्त्यावर होते. ध्यान नव्हते.

माझा हा अनुभव अपवादात्मक नाही, हे पुढे वाचनातून कळले. टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी फोन बाळगणाऱ्या व अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रामुळे तो कमी झालेला दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालनाच्या कृत्रिम यंत्रावर प्रयोग केले. हॅण्ड्सफ्री फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडलेली असूनही नंतर ते फलक त्यांना नीट ओळखता येईनात. म्हणजे डोळे पाहत होते आणि माणूस पाहत नव्हता.

विज्ञानाने हे मोजून दाखवले ते उत्तमच. परंतु आपल्याला, साहित्य शिकवणाऱ्यांना, याचे आश्चर्य का वाटावे? आपण तर आयुष्यभर वर्गात हेच सांगत आलो आहोत की शब्द हा साधा आवाज नसतो. तो ऐकणाऱ्याच्या मनात एक दृश्य उभे करतो, आणि समोरचे दृश्य पुसून तेथे स्वतःचे मांडतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. एवढ्या मोठ्या कवीला ते मागावेसे वाटले, कारण अवधान वाटून देता येत नाही हे त्याला ठाऊक होते. शब्दाच्या सामर्थ्याचे गोडवे गाणारे आपण गाडीत बसताच शब्दाला वजनच नसल्यासारखे वागतो. एक तर वर्गातले आपले म्हणणे खोटे असले पाहिजे, नाही तर गाडीतले वागणे.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की गाडीत गाणी तर आपण नेहमीच ऐकतो. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोचली. ती प्रवासात ऐकली म्हणून काय बिघडले? काहीच नाही. गाणे उत्तर मागत नाही. अवघड वळण आले की आपण ते ऐकेनासे होतो, आणि त्याला राग येत नाही. स्ट्रेयर यांच्या प्रयोगांतही नुसते रेडिओ ऐकण्याने चालकाचे लक्ष तसे ढळलेले दिसले नाही. ढळले ते संभाषणाने. संभाषणात पुढचे वाक्य जुळवायचे असते, समोरच्याचा सूर ओळखायचा असतो, आपले मौन लांबले तर त्याचा भलता अर्थ होईल ही धास्ती असते.

दुसरा आक्षेप शेजारी बसलेल्या माणसाचा. त्याच्याशीही आपण बोलतोच. परंतु तो त्याच रस्त्यावर असतो. समोर शेळ्यांचा कळप दिसला की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, कधी ‘जरा जपून’ म्हणतो. फोनवरचा माणूस आपल्या खोलीत बसलेला असतो. त्याला खामगाव-शेगाव रस्त्याच्या कडेने पायी निघालेले भाविक दिसत नाहीत. त्याचा दोष नाही. पण नेमक्या त्याच क्षणी तो विचारतो, ‘हॅलो, ऐकताय ना?’ आणि आपण रस्ता सोडून त्याला उत्तर देतो.

तिसरा आक्षेप समृद्धी महामार्गाने आणला. नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. सरळ, एकसुरी रस्ता, झोप येते, म्हणून फोनवर बोलत राहावे, असे अनेक चालक सांगतात. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. त्याच्या कारणांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण तेव्हापासून या रस्त्यावरच्या रात्रीची धास्ती आम्हांला खरी वाटते. तरीही झोपेवर उपाय थांबणे हा आहे. बोलण्याने मन जागे होते हे मान्य, पण ते दुसऱ्याच ठिकाणी जागे होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. ‘काय म्हणालात?’ एवढे विचारीपर्यंत आपण तितका रस्ता न पाहता ओलांडलेला असतो.

मग करावे काय? नवा कायदा आला तरी मोकळ्या हातांचा फोन बाहेरून दिसणार नाही. मनातला गुन्हा कोण पकडणार? मला वाटते, ही जबाबदारी चालकाइतकीच फोन करणाऱ्याचीही आहे. जेवणाऱ्याला, पूजेला बसलेल्याला आपण ‘मग नंतर बोलू’ म्हणतोच. तोच संकोच गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला यावा. त्या सकाळचा माझा सहकारी मी घाटात आहे हे जाणून होता, मीही जाणून होतो. थांबावे असे दोघांनाही सुचले नाही. निकड असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बोलता येते. तो कवितासंग्रह त्या बैठकीत वगळला गेला आणि पुढच्या वर्षी लागला. त्या वादाला घाटाखाली पोचेपर्यंत सहज थांबता आले असते.

आता फोन वाजला तर मी तो वाजू देतो, आणि पोचल्यावर स्वतः करतो. ‘मघाशी गाडी चालवत होतो’ एवढेच सांगतो. त्या वाक्याला पुढे ‘पण’ जोडावा लागत नाही.