खुल्या उद्यानाची किंमत

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलानजीक क्रिसी फील्डवर फिरावयास जाणाऱ्यास तिकीट काढावे लागत नाही. खाडीकाठची वाट, गवताळ मैदान आणि भरतीचे पाणी खेळणारी पाणथळ जागा सर्वांना सारखीच खुली आहे. एकेकाळी येथे लष्कराची विमाने उतरत. १७७६ मध्ये स्पॅनिश सैन्याने वसविलेल्या प्रेसिडिओ या लष्करी ठाण्याचाच हा किनारा. १९९४ मध्ये अमेरिकेचे लष्कर येथून गेले आणि सुमारे दीड हजार एकरांची ही जागा राष्ट्रीय उद्यानाकडे आली.

परंतु जे फुकट मिळते, त्यालाही किंमत असतेच. प्रश्न एवढाच, की ती कोणी द्यावयाची. किनारपट्टी राष्ट्रीय उद्यान सेवेकडे राहिली. विषारी माती उपसून क्रिसी फील्ड २००१ मध्ये खुले झाले, त्यात देणग्यांचा वाटा मोठा होता. आतला बहुतांश भाग मात्र १९९६ च्या कायद्याने एका स्वतंत्र न्यासाकडे गेला, तोही एका कठोर अटीवर : २०१३ पर्यंत स्वावलंबी व्हा, अन्यथा जमिनीची विल्हेवाट लावली जाईल. न्यासाने सैनिकी घरे व बराकी भाड्याने दिल्या, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या जागी २००५ मध्ये चित्रपट कंपनीचे संकुल उभे राहिले आणि अट पुरी झाली.

हे यश निर्विवाद आहे. पण त्यातून काढावयाचा धडा सावधपणे काढला पाहिजे. न्यासाला शेकडो इमारती वारशाने मिळाल्या, त्याही अत्यंत महागड्या शहरात. असा वारसा प्रत्येक उद्यानाच्या नशिबी नसतो. शिवाय बाजारभावाने भाडे घेतले, की तेथे राहण्याचा लाभ ऐपतदारांनाच मिळतो. आणि जुन्या जलवाहिन्या, वीजव्यवस्था यांच्या नूतनीकरणासाठी २०२२ मध्ये काँग्रेसला वीस कोटी डॉलर द्यावेच लागले. दैनंदिन खर्च भाड्यातून भागेल; भांडवली खर्चाचा भार अखेर सरकारी तिजोरीवरच येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अध्यक्षांच्या आदेशाने या स्वावलंबी न्यासाचे कामही कायद्याने आवश्यक तेवढ्यापुरते मर्यादित करण्यास सांगितले. स्वावलंबन हे राजकीय लहरीपासून संरक्षण देणारे कवच नव्हे.

मोकळ्या किनाऱ्याचा लाभ गल्ल्यात जमा होत नाही. तो नागरिकांच्या आरोग्यात आणि विसाव्यात जमा होतो. उद्यानाने काही कमाई जरूर करावी. पण सार्वजनिक जमीन सार्वजनिक राहावी की नाही, याचा निर्णय ताळेबंदावर सोपविणे म्हणजे अर्थशास्त्र नव्हे, हिशेबनिसाचा आंधळेपणा होय.