एकाहत्तरावा दिवस

दिवाळी अंकात गणित घालू नये, असा संकेत आहे. चकली मोडता मोडता कथा वाचावी, चिवड्याच्या बशीशेजारी विनोदी लेख असावा आणि गणिताचा मास्तर निदान या चार दिवसांत तरी दृष्टीस पडू नये, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. पण जन्मभर फळ्यावर खडू झिजविलेल्या माणसाची खोड जात नाही. शिवाय माझे गणित अवघे पाचवीचे आहे. थोडा गुणाकार, थोडी बेरीज, थोडी वजाबाकी. घरातल्या मुलालाच सोडवायला द्यावे. उत्तर आले की मग थोरांनी त्यावर विचार करावा.

महाराष्ट्रात 1980 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने खचलेली माणसे, अशांना सरकार दरमहा काही रक्कम देते. विधवेच्या वाट्याची ही रक्कम 2023 साली महिना 1,500 रुपये झाली, वर्षाचे 18,000. चांगली गोष्ट आहे, आणि मी तिला नावे ठेवायला बसलेलो नाही. मात्र हे अनुदान मिळण्यासाठी एक तर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असावे लागते, नाही तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. 2023 मध्ये अनुदान वाढले, पण ही रेषा जागची हलली नाही. एकवीस हजार म्हणजे साऱ्या कुटुंबाला मिळून दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये.

आता दुसरी योजना घ्या. तीही सरकारचीच. 2005 सालच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी दिली. 2024-25 या वर्षी महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. यादीत नाव नसलेली एक विधवा या कामावर गेली असे धरू. सत्तर दिवस माती उपसली, तर मजुरी झाली 20,790. ही रक्कम रेषेच्या आत आहे, अनुदान शाबूत. दोन्ही मिळून वर्षाला 38,790 रुपये तिच्या घरात आले.

एकाहत्तराव्या दिवशी ती पुन्हा कुदळ घेऊन गेली. मजुरी झाली 21,087. रेषा ओलांडली! तलाठ्याने दाखला प्रामाणिकपणे लिहिला, तर 297 रुपये कमावल्याबद्दल तिचे वर्षाचे अठरा हजार जातात. बरे, तिने जिद्दीने पुरते शंभर दिवस भरले तर? 29,700. म्हणजे तीस दिवस अधिक राबून ती 9,090 रुपयांनी गरीब झाली. सत्तर दिवसांच्या वेळची मिळकत पुन्हा गाठायला तिला एकशे एकतीस दिवस काम करावे लागेल. हमी होती शंभरांची. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा करून दिवस 125 केले. जुन्याच दराने तेही सारे भरले तरी बेरीज होते 37,125. एका खिशातून कामाची हमी देणारे आणि दुसऱ्या खिशातून काम न करण्याचे बक्षीस देणारे सरकार एकच आहे, याचे त्या सरकारलाच स्मरण करून द्यावे लागते.

आमच्या गावात अर्ज भरून द्यायला अजून मास्तर लागतो. निवृत्त झालो तरी ओटीवर बायाबापड्या कागद घेऊन येतात. त्या ज्या प्रश्नाने मला निरुत्तर करतात तो एकच. "मास्तर, काम मिळतंय, घेऊ का? पगार बंद होईल का?" अनुदानाला त्या पगार म्हणतात. मी काय सांगावे? "घे" म्हणालो तर तिची बुडती नाव आणखी बुडवतो. "घेऊ नको" म्हणालो तर जन्मभर मुलांना शिकविलेल्या श्रमाच्या थोरवीवर पाणी सोडतो. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण ज्याने घडवली त्याने आपला उत्पन्नाचा दाखला पाहिला असावा, असे मला वाटू लागले आहे.

यावर एक ठराविक वाक्य ऐकू येते. फराळाच्या ताटावरही ते निघतेच. "फुकट मिळाले की लोक आळशी होतात." वाक्य उच्चारणाऱ्याचा हात बहुधा तिसऱ्या लाडवाकडे गेलेला असतो; ते राहू द्या. माझे म्हणणे एवढेच की, वरचे गणित एकवार करून पाहा. ती बाई आळशी नाही. ती हिशेबी आहे. एकाहत्तराव्या दिवशी ती घरी बसते, कारण आपणच तिच्या कामावर दंड बसवला आहे. आयकराचा सर्वांत वरचा टप्पा तीस टक्क्यांचा. तेवढ्याने धनिकांचा उत्साह मावळतो, असे आपल्याला अर्थशास्त्री सांगतात. मग 297 रुपयांवर अठरा हजारांचा दंड बसल्यावर विधवेचा उत्साह कशाने टिकावा?

या रेषेने आणखी एक अनर्थ केला आहे. तिने साऱ्या गावाला खोटे बोलायला शिकवले. माझ्या हातून गेलेल्या दाखल्यांवरचे आकडे पाहिले की वाटते, या तालुक्यातली गरिबी मोठी शिस्तीची; एकवीस हजारांच्या अलीकडे येऊन बरोबर थांबते! अर्ज करणारीला ठाऊक असते, देणाऱ्याला ठाऊक असते, मंजूर करणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण खरे लिहिणारी उपाशी राहणार असेल, तर खोट्याचा दोष कोणाच्या पदरात घालायचा? आणि मग कधीतरी कोणा साहेबाला सचोटीचा उमाळा येतो. अशा वेळी नाव कापले जाते ते बहुधा जिच्या पाठीशी कोणी नाही तिचे.

कोणी म्हणेल, सरकारजवळ पैसा कुठे आहे? याच सरकारने 2024 साली 'माझी लाडकी बहीण' योजना काढली. रक्कम तीच, महिना 1,500; उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. तेव्हा निराधार बहिणीची मर्यादा एकवीस हजार आणि लाडक्या बहिणीची तिच्या जवळजवळ बारापट! मग निराधार सुटल्यावर तिने लाडकी व्हावे, असे सुचवणारेही भेटतात. त्या योजनेचे अर्ज 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत घेतले होते. पुढे जिचे अनुदान सुटेल तिने कोणते दार ठोठवायचे? आणि मूळ मुद्दा असा की, मर्यादा उंच ठेवता येते हे सरकारनेच सिद्ध केले. गरिबीत गरीब असलेल्या बाईसाठीच ती इतकी खाली का ठेवायची, याचे उत्तर कोणी देत नाही.

कामाच्या हक्काची कल्पना आपल्याला परक्याकडून शिकावी लागलेली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ती प्रथम करून पाहिली. 1972 च्या दुष्काळात तिने लाखोंना जगवले, आणि 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तिच्या खर्चासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात, ते पाहून कपाळाला आठी घालणाऱ्या नोकरदार वाचकांना सांगतो, त्या 2,500 रुपयांची कूळकथा ही आहे. तेव्हा हा प्रश्न तुमच्याही खिशातला आहे.

आपण काम दिले आणि मदतही दिली. राहिला तो मधला उतार. आज तिथे कडा आहे. हा उतार बांधता येतो. ब्रिटनने 2012 च्या कायद्याने 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही व्यवस्था आणली. तीत कमाई वाढली की मदत एकदम तुटत नाही. कमावलेल्या पौंडामागे ठराविक हिस्साच कापतात. तो 63 पेन्स होता, 2021 च्या अखेरीस 55 केला. मुलेबाळे असलेल्यांची कमाई काही रकमेपर्यंत हिशेबातच धरत नाहीत. तिथेही सारे आलबेल नाही. पहिला हप्ता हाती पडायला पाच आठवडे लागतात, म्हणून लोक बोटे मोडतातच. पण कामावर गेलेल्या बाईची नोकरीच तिला भिकेला लावील, असा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही.

माझ्या मागण्या चारच आहेत. एक, एकवीस हजारांच्या वर कमाई गेली तर वरच्या प्रत्येक दोन रुपयांमागे एकच रुपया कापावा. शंभर दिवस राबलेल्या आपल्या बाईच्या अनुदानातून मग 4,350 कापले जातील, 13,650 राहतील आणि मजुरीसह घरात 43,350 येतील. काम वाढले की मिळकत वाढावी, एवढा साधा न्याय त्यात आहे. दोन, काम सुटले तर जुनाच अर्ज जिवंत मानावा. पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील, पुन्हा समिती अशी प्रदक्षिणा घालायला लावू नये. तीन, लेकराची सोय. पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती 2017 च्या दुरुस्तीने झाली. पण धुणेभांडी करणारीला कोणती आस्थापना? अंगणवाडी तिच्या कामाच्या वेळेपर्यंत उघडी राहिली, तरी पुष्कळ झाले. चार, ही रेषा महागाईबरोबर आपोआप वर सरकावी.

यात कोठे दयेची याचना नाही. दयेने माणूस एक दिवस जेवतो आणि वर्षभर मिंधा राहतो. मिंधेपणातून बाहेर पडण्यासाठी ज्या बाईने पाऊल उचलले, तिच्या पायाखालची पायरी आपण काढून घेऊ नये, इतकेच मागणे आहे. वाचकहो, आपल्या आमदाराला शुभेच्छापत्र धाडाल तेव्हा त्याच्या पाठीवर हे गणित उतरून द्या. उत्तर त्याला काढू द्या. आणि नाही आले, तर पुढच्या निवडणुकीत त्याची वही तपासायला आपण आहोतच.