भात कापले म्हणजे शेती संपली?

इंग्रजी पुस्तकांत मुळा, वाटाणा, कोबी ही थंडीतली भाजी वसंत ऋतूत पेरावी, असे लिहिलेले असते. तिकडे ते खरेही आहे. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, बर्फ वितळले की मगच बी मातीत जाते. आपल्या मालवण किनाऱ्यावर मात्र वसंत येतो तो घामाच्या धारा घेऊन. चैत्रात मुळा पेरला तर तो पोसण्याआधीच जून आणि तिखट व्हायचा. आपला भाजीपाल्याचा वसंत कार्तिकात येतो आणि माघाबरोबर संपतो. निसर्गाने दिलेल्या या तीन-चार महिन्यांचे आपण काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

उत्तर हवे असेल तर डिसेंबरात एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहावे. पाणी असेल तिथे वायंगणी भात किंवा एखादा हिरवा मळा दिसतो. बाकी मैलोन्‌मैल भाताची खुंटे आणि त्यांत चरणारी मोकाट गुरे! आणि त्याच दिवशी मालवणच्या बाजारात फोंडा नाहीतर आंबोलीचा घाट उतरून आलेली बेळगाव-कोल्हापूरची भाजी आपण पिशवीत भरत असतो. सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्याने मुळ्यासाठीही घाटाकडे पाहत बसावे, हे आपल्याला खटकत कसे नाही?

आमच्या घरी दोन गुंठ्यांचा मळा आहे. भात कापले की नांगरट, शेणखत, मग वाफे. तांबडी भाजी महिन्याभरात खुडायला येते, मुळा दीड महिन्यात. वाली, वांगी, मिरची, नवलकोल मागाहून. कुळीथ आणि वाल तर भाताच्या ओलीवरच येतात. त्यांना पाणी लागत नाही, उलट मुळांच्या गाठींमुळे जमिनीचा कस वाढतो. घरात खाऊन उरलेल्या भाजीच्या जुड्या बांधून आई बाजारात बसते. माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. आमच्या घराण्यात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिली. म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

हे इथे होणार नाही, असे कुणी म्हणेल. त्यांनी अलिबागकडे पाहावे. तोच किनारा, तसाच धो धो पाऊस. तिथले शेतकरी भात निघाल्यावर त्याच जमिनीत पांढरा कांदा लावतात आणि वेण्या बांधून विकतात. त्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्याकडेही ज्ञानाची वाण नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. माठाची ‘कोकण दुरंगी’, वालाची ‘कोकण भूषण’ असे वाण त्याने दिले. आपल्याच तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी. पहिली अडचण गुरांची. भात कापले की गुरे सुटतात. एकट्याने मळा केला तर त्याने काटेरी कुंपण घालावे आणि रात्री राखण करावी. सगळ्या वाडीने गुरे बांधायचे ठरवले तर प्रत्येकाचे कष्ट वाचतील. हे काम एकट्याचे नाही, वाडीच्या बैठकीचे आहे.

दुसरी अडचण पाण्याची. पुरुष मुंबईत. पूर्वी त्यांची मनीऑर्डर यायची, आता मोबाइलवर पैसे येतात, एवढाच फरक. मागे राहिलेल्या बाईने व्हाळावरून कळशीने पाणी आणून मळा शिंपायचा. तिच्या कंबरेचा विचार न करता ‘भाजी पिकवा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पाणी मळ्याजवळ अडले तरच तो उपदेश खरा.

तिसरी अडचण आपल्या मनाची. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आपली मुलगी शेतकऱ्याच्या घरी देणारे किती? माझी आईच म्हणते, “तू शिकलंस, आता तरी या चिखलातून भायर पड.” तिचे म्हणणे मला कळते. चाळीस वर्षे ती त्या चिखलात उभी आहे. पदवी घेऊन मी शेतातच राहीन, असे वचन मीही देत नाही. पण शिकणे म्हणजे मातीला पाठ करणे, हा हिशेब मला पटत नाही. दोन गुंठ्यांचा मळा सकाळ-संध्याकाळ एकेक तास मागतो, आणि तो शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरीही पिकतो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, ती विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन काम करावे म्हणून. आपले सात दिवसांचे शिबिर डिसेंबर-जानेवारीवर ढकलले, तर तोवर व्हाळाची धार बारीक झालेली असते आणि मग बांधलेला बंधारा फोटोपुरताच उरतो. हे शिबिर दिवाळी उलटताच घ्यावे. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, माती आणि आपले हात एवढ्या सामग्रीवर वनराई बंधारा उभा राहतो. त्याच शिबिरात एका संध्याकाळी वाडीची बैठक बोलवावी आणि गुरे माघ संपेपर्यंत बांधण्याचा प्रश्न तिच्यापुढे ठेवावा. दुसऱ्या वर्षी दुसरी वाडी.

एवढे केले तर पुढच्या पौषात त्या वाडीतल्या बाईची कळशीची एखादी तरी खेप वाचेल. समाजसेवा म्हणून मला ते पुरेसे वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)