थीम पार्कच्या गेटवर बोट का टेकवायला लावतात? अफवा किती, खरं किती



"फ्लोरिडाच्या डिस्नेला जाताय? सांभाळा. गेटवर बोटांचे ठसे घेतात आणि ते सरळ अमेरिकन पोलिसांकडे जातात." या अर्थाचं काही ना काही फिरत असतं. आपल्या बॅचमध्येही कुणीतरी विचारतंच की मॅडम, हे खरं का? मी याच्याकडे दुकानदाराच्या नजरेनं बघते, कारण यात आपल्या कामाचं बरंच आहे.

आधी खरं काय ते सांगते. ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये गेटवर बोट स्कॅन करतात, ही अफवा नाही. नव्वदच्या दशकापासून हे चालू आहे. पूर्वी यंत्र दोन बोटांचा आकार मोजायचं, पुढे एकाच बोटाचा स्कॅनर आला. डिस्ने हे लपवतही नाही. कंपनीचं म्हणणं असं, की बोटाच्या चित्रापासून एक आकडा तयार होतो, चित्र लगेच टाकून दिलं जातं आणि तो आकडा तिकिटाला जोडला जातो. पुढच्या वेळी तेच तिकीट घेऊन आलात की आकडा जुळतो का एवढंच बघायचं. कुणाला बोट द्यायचं नसेल तर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून जाता येतं.

आता हा उद्योग कशासाठी? इथे धंद्याचं डोकं लागतं. डिस्नेचं एका दिवसाचं तिकीट महाग. पण दिवस वाढवत गेलात की दर दिवसाचा भाव उतरत जातो. मग माणूस काय करेल? जास्त दिवसांचं तिकीट घेईल, तीन दिवस फिरेल आणि उरलेले दिवस दुसऱ्याला विकेल. आपल्याकडच्या मेसचं बघा. सुटी थाळी शंभरला, महिन्याचं कार्ड काढलं तर तीच सत्तरला. एक पोरगा गावी गेला की त्याच्या कार्डावर मित्र जेवून जातो. मेसच्या मावशी चेहऱ्यानं ओळखतात म्हणून ते फार चालत नाही. डिस्नेच्या गेटवर रोज हजारो नवे चेहरे, तिथे मावशींचं काम मशीन करतं. हेतू एवढाच, आणि व्यापारी म्हणून मला तो अगदी पटतो.

पोलिसांना सगळं जातं, याला मात्र मला कुठेही पुरावा सापडलेला नाही. गंमत म्हणजे इथून फिरायला जाणाऱ्या मोठ्या माणसानं अमेरिकेच्या व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे आधीच दिलेले असतात. सरकारला ते डिस्नेकडून मागायची गरजच काय?

हातातल्या मॅजिकबँडबद्दलही अशीच गल्लत होते. 2013 मध्ये आलेला हा पट्टा रेडिओ चिप वापरतो, शरीराचं काहीच मोजत नाही. पण पार्कमध्ये तुम्ही कुठे आहात हे त्यातून कळू शकतं, म्हणून त्याच वर्षी अमेरिकी संसदेचे सदस्य एड मार्की यांनी डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांना पत्र लिहून जाब विचारला होता. शंका योग्यच होती, फक्त ती बायोमेट्रिकची नव्हती. चेहरा ओळखण्याची चाचणी डिस्नेनं 2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये मॅजिक किंगडमच्या गेटवर घेतली. ती महिनाभराची होती आणि ऐच्छिक होती.

म्हणजे सगळं आलबेल? तसंही मी म्हणणार नाही. "आम्ही फक्त आकडा ठेवतो" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. तो आकडा तुमच्याच बोटातून आलेला असतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

आणि खरा धडा डिस्नेत नाहीच, तो शिकागोजवळच्या गर्नी गावातल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये आहे. 2014 साली एका आईनं चौदा वर्षांच्या मुलासाठी सीझन पास ऑनलाइन घेतला. मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गेला, तिथे पास पूर्ण करताना त्याचा अंगठा स्कॅन झाला. घरी आल्यावर आईनं विचारलं, काही कागद दिला का? नाही. ठसा कशासाठी घेतला, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, यातलं काहीच लिहून दिलेलं नव्हतं, असं तिनं दाव्यात म्हटलं. इलिनॉयमध्ये 2008 पासून बायोमेट्रिक माहितीचा वेगळा कायदा आहे. आधी लेखी सांगा आणि लेखी संमती घ्या, मगच ठसा. हलगर्जीपणा केला तर एक हजार डॉलर, जाणूनबुजून केलं तर पाच हजार.

कंपनीचा बचाव आपल्यापैकी कुणीही केला असता तसाच होता: मुलाचं नुकसान काय झालं? ठसा चोरीला गेला नाही, पैसे गेले नाहीत. खालच्या अपील कोर्टाला ते पटलंही. पण 25 जानेवारी 2019 ला इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, की न विचारता घेणं हाच हक्काचा भंग आहे, दावा लावायला वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. पुढे 2021 मध्ये कंपनीनं 3.6 कोटी डॉलरची तडजोड केली. लक्षात घ्या, डेटा फुटल्याचा आरोपसुद्धा नव्हता. एक कागद आणि एक सही, एवढ्यावरून हे रामायण.

हा कायदा आला कुठून, तेही ऐका. पे बाय टच नावाची कंपनी होती. दुकानात बोट टेकवा आणि बिल भरा, अशी तिची सोय. 2007 च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली आणि प्रश्न उभा राहिला, की हजारो गिऱ्हाइकांच्या बोटांची माहिती आता लिलावात निघणार का? धंदा बुडतो तेव्हा फर्निचरबरोबर डेटापण विकायला निघू शकतो, हे तेव्हा लोकांच्या डोक्यात शिरलं.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कशासाठी माहिती घेताय ते सोप्या भाषेत सांगायचं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाची घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ट्रॅम्पोलिन पार्क, गेम झोन, क्लास काढायचं डोक्यात असेल त्यांनी हे दुसरं वाक्य परत वाचा. कामगारांच्या हजेरीबाबत मालकाला कायद्यात थोडी मोकळीक आहे. तरी माझं मत विचाराल तर चार माणसांच्या दुकानात अंगठ्याचं मशीन लावूच नका, वही पुरते. माझ्या दुकानात वहीच आहे.

लावायचंच असेल तर मशीनशेजारी एक कागद चिकटवा: ठसा हजेरीसाठी घेतो, नोकरी सोडल्यावर पुसतो, ज्याला नको त्यानं वहीत सही करावी. विकणाऱ्याला विचारा, डेटा मशीनमध्येच राहतो की त्यांच्या सर्व्हरवर जातो. आणि जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देताना त्याची मेमरी तुमच्या डोळ्यांसमोर रिकामी करून घ्या. एरवी दुकानातल्या सगळ्यांची बोटं भंगारवाल्याच्या गाडीत जातात.