वर्षाची फी आली, पण माणूस गेला कुठे?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही जिममध्ये डोकावून पाहावे. ट्रेडमिलपाशी माणसे ताटकळत असतात, डंबेल हाती लागत नाहीत आणि मालक खुशीत असतो. त्याच जिममध्ये एप्रिलमध्ये जावे, तर पंखे फिरत असतात आणि खाली पाच-सात माणसे व्यायाम करीत असतात. बाकीचे कुठे गेले असे मालकाला विचारले, तर तो हसून म्हणतो, वर्षाची फी तर भरून झाली आहे त्यांची! या हसण्याबद्दलच आज आम्हाला लिहायचे आहे. आमच्या समाजातील जे तरुण गॅरेज आणि मोबाइलच्या दुकानाऐवजी या धंद्यात भांडवल घालू पाहत आहेत, त्यांना हे हसणे महागात पडेल असे आम्हाला वाटते.

सभासदाने पैसे भरावेत आणि येऊ नये, हा मोठ्या शहरातील जिमचा जुना हिशेब आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरांहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत होते, आणि त्याच क्लबात दहा डॉलर खेप या दराचा पास मिळत होता. लोक मूर्ख होते असे नाही. फी भरताना प्रत्येकाला वाटते की आपण रोज येणार. क्लबवाले मात्र जाणून असतात की तो येणार नाही.

आता हाच हिशेब घेऊन त्र्यंबकेश्वरात या. नाशिकपासून तीस किलोमीटरच्या आतले गाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. यातून मुले वजा करा, म्हातारी माणसे वजा करा, दिवसभर हमाली किंवा शेतीचे काम करून ज्यांचे अंग आधीच दुखते ते वजा करा. स्त्रियांसाठी वेगळी वेळ ठेवली नसेल तर त्याही गेल्या. उरले किती? काहीशे. समजा, एका तरुणाने साठ सभासद जमवले, प्रत्येकी सहा हजार वार्षिक फी घेतली आणि तीन लाख साठ हजार रुपये जमा केले. त्यातील चाळीस जण मार्चपर्यंत गळाले. पुढच्या जानेवारीत ते चाळीस जण पुन्हा फी भरणार नाहीत, उलट चहाच्या टपरीवर सांगतील की तिथे पैसे बुडाले. मुंबई-पुण्यात दरवर्षी नवे चाळीस सापडतात. त्र्यंबकमध्ये तीन-चार वर्षांत गिऱ्हाईकच संपते आणि यंत्रांचे हप्ते तेवढे शिल्लक राहतात. म्हणून लहान गावात सभासद टिकवणे हाच खरा धंदा आहे, नवा सभासद मिळवणे हे त्यानंतरचे काम.

शिवाय प्रश्न नेकीचाही आहे. दार उघडे होते, तो आला नाही, यात माझा काय दोष, असे मालक म्हणेल. कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण जो माल गिऱ्हाइकाने घरी नेऊ नये अशी मनातून इच्छा धरून आपण विकतो, तो व्यापार मापात पाप करण्यापासून फार दूर नाही, असे आमचे मत आहे.

माणूस टिकतो कशाने? उत्तर शोधायला त्र्यंबकबाहेर जाण्याची गरज नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो माणसे येतात. पाऊस, चिखल, चढउतार, आणि वीस किलोमीटरच्या आसपासची वाट. यांतील बहुतेकांना एरवी कोणी पाच किलोमीटर चालायला सांगितले तर ते रिक्षा शोधतील. त्या रात्री ते चालतात, कारण दिवस ठरलेला असतो आणि सोबत माणसे असतात. श्रद्धेचे बळ वेगळे, ते जिमला कुठून येणार! पण ठरलेली वेळ आणि सोबत या दोन गोष्टी कोणताही मालक देऊ शकतो.

आपल्या मशिदीतही हेच दिसते. फजरच्या जमातीत रोज दिसणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन चौकशी करते. बरे आहे ना, एवढेच विचारते. जुन्या तालमीत वस्ताद हे काम करीत. तालीम हा शब्दच मुळी अरबी, त्याचा अर्थ शिक्षण. आणि वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. कोल्हापूरची बाबूजमाल तालीम आजही त्या नावाने ओळखली जाते. तालमीत पोराला माती खणावी लागे, पाणी मारावे लागे, धाकट्याला जोर-बैठका शिकवाव्या लागत. ती जागा त्याची होत असे. जिममध्ये आलेला माणूस कानात इअरफोन घालून येतो आणि कोणाशी न बोलता निघून जातो. तो उद्या आला नाही तर कोणाला कळणार? (तालमीचे आम्ही उगाच गोडवे गात नाही. बायकांना तिथे पाऊल ठेवता येत नव्हते, हेही तितकेच खरे.)

याच तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्यापाशी जिद्द होतीच, पण नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षकही होता. लाखाच्या यंत्रापेक्षा लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या पगारावर आधी खर्च करावा, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि मालक नेमके इथेच चुकतात. खंड पडणारच. त्र्यंबकमध्ये श्रावण, महाशिवरात्र आणि निवृत्तिनाथांची पौषातली यात्रा या काळात हॉटेलवाला, फूलवाला, लॉजवाला, गाडीवाला यांना डोके खाजवायला वेळ नसतो. आमच्याकडे रमजान येतो, लग्नसराई येते. महिनाभर सुटलेला माणूस परत का येत नाही? आळसापेक्षा लाज हे कारण मोठे असते. पोट सुटलेले दिसेल, पोरे हसतील, मालक टोमणा मारील. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. एका अमेरिकन जिमसाखळीच्या एकसष्ट हजारांवर सभासदांवर चार आठवडे चोपन्न निरनिराळे उपाय करून पाहिले. सर्वांत जास्त गुण कशाने आला? चुकलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला किरकोळ बक्षीस दिल्याने. बक्षीस इतके किरकोळ की त्यात चहासुद्धा येऊ नये, तरी हजेरी सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली. मात्र चार आठवडे संपल्यावर बहुतेक उपायांचा असर ओसरला, हेही त्याच निबंधात आहे. म्हणजे बक्षिसाने माणूस दारापर्यंत येतो. पुढे त्याला धरून ठेवण्याचे काम पुन्हा वस्तादाचे आणि सोबत्यांचेच.

लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागलेले दिसले; कोणाला अठरा, तर कोणाला अडीचशेच्या वर. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. हे सभासदाला पहिल्याच दिवशी सांगावे. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, या आशयाची हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरी पहिल्या दिवशी दोन तास वजने उचलून तिसऱ्या दिवशी अंथरुणात पडून राहणारे आपल्यातच जास्त! त्यांना वीस मिनिटांत घरी पाठवणारा मालक शहाणा.

फीबद्दलही थोडे. गुरव्हिल आणि सोमन यांनी १९९८ साली दाखवून दिले की सहामाही फी भरणारे लोक भरल्यानंतर लगेच जास्त येतात आणि पुढे पुढे कमी होत जातात. पैसे दिल्याची आठवण जुनी होते, तशी पावलेही मंदावतात. म्हणून आमची सूचना अशी की फी महिन्याची ठेवावी, फार तर तिमाही, आणि ती सभासदाने स्वतः येऊन द्यावी. भांडवल एकदम हाती येणार नाही, ही अडचण खरी आहे. पण मग सुरुवातही कमी यंत्रांनी करावी. दोन बार, थोड्या प्लेटा, डंबेल, मुद्गल आणि सतरंजी एवढ्यावर वर्ष निघते. स्त्रियांसाठी दुपारी दोन तास, शक्य तर शिकवणारी बाईच, एवढी सोय केली तर गिऱ्हाईक जवळजवळ दुप्पट होण्याची शक्यता आहे. हा विचार आमच्या मोहल्ल्यांत अजून पुरेसा झालेला नाही.

एक वही ठेवावी. रोजची हजेरी तिच्यात लिहावी आणि सलग चार दिवस न आलेल्याला संध्याकाळी फोन करावा. फोनवर फीचा विषय काढू नये. परत आला की भिजवलेले हरभरे मूठभर हातावर ठेवावेत, आणि त्या दिवशी वजनकाट्यावर उभे करू नये.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्या पर्वण्यांच्या महिन्यांत गावातील एकही दुकानदार जिमला येणार नाही. मालकाने त्या महिन्यांची फी घेणार नाही असे आताच फळ्यावर लिहून ठेवावे, आणि खाली परत यायची तारीखही लिहावी.