आकडा मोठा, सेल खोटा

रात्रीच्या पाळीची वीज आली की पिकाला दारे धरायला अंधारातच शिवारात उतरावे लागते. विहिरीचा काठ, बांधावरचा साप आणि जुन्नर-आंबेगावकडे उसात दडलेला बिबट्या यांची धास्ती बाळगून चालणाऱ्या माणसाला हातातली टॉर्च चैनीची वस्तू वाटत नाही. गेल्या काही वर्षांत या टॉर्चमधून जाडजूड सुके सेल गेले आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल आला. हा बदल स्वागतार्ह आहे. एकाच सेलवर लख्ख उजेड मिळतो, तो शेकडो वेळा चार्ज होतो आणि दर महिन्याचा सेलचा खर्च वाचतो. पण हा सेल घेताना बहुतेक ग्राहक पाहतात तो वेष्टनावरचा एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा आकडा, आणि सर्वांत कमी भरवशाचा तोच असतो. लिथियमला घाबरण्याचे कारण नाही. कोणी बनवला याचा पत्ता नसलेला सुटा सेल राजरोस विकला जातो, घाबरायचे ते त्याला.

टॉर्चमध्ये सर्रास दिसणाऱ्या सेलला १८६५० म्हणतात, कारण त्याचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि आकार गोल नळीसारखा असतो. पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी, मोलिसेल अशा नामांकित कंपन्यांचे या मापातले प्रचलित सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. असा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३.६ व्होल्टने हिशेब केला तर त्यात साडेबारा वॅट-तासांच्या जवळपास ऊर्जा मावते, म्हणजे किलोमागे अडीचशे ते पावणेतीनशे वॅट-तास. ऑनलाइन आणि रस्त्यावरच्या बाजारात मात्र याच मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेले दिसते. तो आकडा खरा मानायचा तर किलोमागे सातशेहून अधिक वॅट-तास साठवावे लागतील, आणि असा सेल आज कोणीही बाजारात विकत नाही. एक लिटरच्या तांब्यात तीन लिटर दूध मावते असे सांगण्यासारखेच हे आहे. शिवाय ज्याने हा आकडा छापला, त्याने आतल्या मालाच्या दर्जाची काळजी घेतली असेल असे मानायला काहीच आधार उरत नाही. असे काही सेल हातात घेताच हलके लागतात. किराणा दुकानातल्या काट्यावर सेल तीस ग्रॅमच भरला तर तो घेऊच नये. वजन बरोबर असले तरी निर्धास्त होता येत नाही, कारण जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला थकलेला सेल नवे वेष्टन चढवून विकला जातो आणि त्याचे वजन खऱ्याइतकेच भरते.

कोणी म्हणेल, यात फार तर फसवणूक झाली, टॉर्च तासभर आधी विझली. तसे नाही. लिथियम-आयन सेलमध्ये दोन ध्रुवांमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि तो पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेला असतो. सेल ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज होत राहिला तर आत धातुरूप लिथियमचा थर साचू लागतो. उलट तो पार रिकामा केला तर आतले तांबे विरघळते आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी पडद्याच्या दोन्ही बाजूंचे ध्रुव आतून जोडले जाऊ शकतात. एकदा आत शॉर्ट सर्किट झाले की उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होत जाते, विषारी वायू सुटतो आणि आग लागते. टॉर्चची अडचण इथे दुप्पट होते. पाणी शिरू नये म्हणून तिची धातूची नळी रबरी कड्यांनी बंद केलेली असते, त्यामुळे तो वायू बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती नळी फुटू शकते, आणि ती असते माणसाच्या हातात किंवा हेडलॅम्प असेल तर कपाळावर.

मोबाइलमध्येही लिथियमच असते, तो नाही का आपण उशाशी ठेवत, हा आक्षेप नेहमीचा आहे. मोबाइलमधली बॅटरी उपकरणासाठीच बनवलेली असते, तिच्यावर संरक्षक सर्किट असते आणि चार्जिंगवर फोनचे नियंत्रण असते. सुटा १८६५० मुळात कारखान्यात बॅटरी पॅक बांधण्यासाठी बनतो आणि त्याच्या अंगावर असे काहीच नसते. म्हणूनच अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ च्या जानेवारीत सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका, असा स्पष्ट इशारा दिला. मला तो सल्ला सरसकट पाळण्याजोगा वाटत नाही, कारण ज्ञात कंपनीचा, संरक्षक सर्किट बसवलेला सेल चांगल्या टॉर्चमध्ये नीट वापरता येतो. पण त्या इशाऱ्यामागचे कारण मात्र पूर्णपणे खरे आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो झटकून टाकता येणार नाही. खरा सेल खोट्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. पण ज्याला तेवढे परवडत नाही त्याने धोकाच पत्करला पाहिजे असे कुठे आहे? वीज गेल्यावर घरात वापरायच्या टॉर्चला निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल पुरतात. तेही चार्ज होतात आणि असे पेटत नाहीत. मात्र पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा असतो. दीड व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये तो घालू नये. ज्यांना रात्रभर रानात काम आहे त्यांनी सेल आतच बसवलेली, भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेली टॉर्च घ्यावी.

सेल चांगला असला तरी वापरात हयगय चालत नाही. सेलचा सगळा डबा ऋण ध्रुवाचा असतो आणि धन टोक आणि डबा यांच्यामध्ये फक्त एक बारीक कडे असते. तिथले वेष्टन फाटले की सेल बाद समजावा. खिशात किल्ल्या नि नाण्यांसोबत सुटा सेल ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून प्लास्टिकची डबी हवीच. दोन सेलच्या टॉर्चमध्ये नवा-जुना मिसळू नये, कारण दमलेला सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. चार्जर ४.२ व्होल्टला स्वतः थांबणारा असावा, आणि चार्जिंग गादीवर किंवा सगळे झोपल्यावर कधीच करू नये. बाद सेल घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो वेगळा द्यायचा असतो.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकणे मला मान्य नाही. आपल्याकडे अशा सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. कायदा आहे, पण ९९०० छापलेला सेल उघड विकला जातो, म्हणजे तपासणी होत नाही. हे सेल यादीत ठेवणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोंदणी क्रमांकाशिवाय विक्री करू देऊ नये, आणि अशक्य आकडा हाच कारवाईचा पुरेसा पुरावा मानावा. तोवर वाचकांना एवढीच विनंती आहे की, सेल घेण्याआधी त्यावरचा आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा, आणि क्रमांक नसेल तर सेल दुकानदाराला परत करा.